रेडिएटरमधली कुसळं

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला मी तोंडावर 'दाजी' म्हणतो, 'तुम्ही' म्हणतो, वाकून नमस्कारही करतो. जावयाशी असंच वागायचं, ही आमच्या घरची रीत. पण लिहिताना माझा हात धरायला कोणी बसलेलं नाही. इथे मी त्याला 'तो' म्हणणार आहे. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एवढं तरी बाहेर पडू दे.

सर्जेराव दाजी म्हटलं की मला तो उकिडवा बसलेलाच दिसतो. कराडजवळच्या मलकापुरातल्या बंगल्याचा पोर्च. तिथे त्याची लाल रंगाची, दोन दारांची, बुटकी परदेशी स्पोर्ट्स कार. तिचा पुढचा बंपर उतरवून शेजारी ठेवलेला. खाली पांढरं मलमलीचं कापड अंथरलेलं आणि त्यावर हा गृहस्थ, हातात मऊ ब्रश आणि सोनाराचा चिमटा घेऊन, गाडीच्या तोंडात डोकं खुपसून बसलेला. त्या गाडीचं इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, दोन कोपऱ्यांत दोन. त्यांच्या पुढे एसीची जाळी. रस्त्यावरचा सगळा केरकचरा पुढच्या भोकांतून आत ओढला जातो आणि त्या दोघांच्या फटीत जाऊन बसतो. मग हवा लागत नाही, काटा वर चढतो. जर्मनीत काय होत असेल ते होवो. आमच्याकडे उसाच्या ट्रॉल्यांमागून जाणाऱ्या गाडीच्या पोटात निम्मं शेत जातं.

हे काम तो कधीही गॅरेजमध्ये करून घेत नसे. मेकॅनिक पाण्याचा फवारा मारतो, त्याने जाळीच्या नाजूक पात्या वाकतात, असं तो सांगायचा. ते खरंच असेल. पण खरं कारण वेगळं होतं. आपल्या गाडीतली धूळ दुसऱ्याने बघितलेली त्याला खपत नव्हती.

त्याचा धंदा गलाईचा. विट्याकडची पुष्कळ माणसं या धंद्यात मुलूखभर पांगली आहेत, त्यातलाच हा एक. केरळात दुकान. सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं, आणि सोनारांच्या दुकानातला केरसुद्धा आणून, जाळून, धुऊन त्यातले सोन्याचे कण काढायचे. पोरवयात तो हेच शिकला. ज्या मातीला बाकीचं जग उंबऱ्याबाहेर लोटतं तिच्यात याला घबाड सापडलं. त्याचं मला कौतुकच वाटलं असतं. पण दुकान पुतण्याकडे सोपवून तो गावाकडे परतला तेव्हा ती सवय घरात घेऊन आला, आणि सोनं नसलेल्या मातीत माणसांचे गुन्हे शोधायला लागला.

"मातीत बघा पावणं, मातीत," तो मला म्हणायचा. "मानूस खोटं बोलतं. माती बोलत न्हाई."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसतं आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

त्याच्या घरात केर काढला की सुपली आधी त्याच्यासमोर न्यायची. तो बोटाने चाळणार, मग माझ्या बहिणीने, आक्काने, तो टाकायचा. "दुपारी कोन आलतं?" "कोन न्हाई." "मग ही बडीशेप कुनी सांडली?" शेजारची बाई घटकाभर येऊन बसून गेली, तर त्याचीही जबानी व्हायची. पाहुण्यांच्या चपला उंबऱ्याबाहेर असत, त्यांचे तळवे उलटून बघताना मी स्वतः त्याला पाहिलंय. मी लोणंदला पंपाचे सुटे भाग विकतो. बाजार समितीच्या रस्त्यालाच दुकान आहे, कांद्याच्या साली वाऱ्यावर उडत आत येतात. एकदा दारात बसून त्याने माझ्या विजारीच्या दुमडीतून एक साल चिमट्याने काढली आणि चारचौघांत वर धरून म्हणाला, "लोनंदचा मुक्काम पोस्ट पत्ता!" सगळे हसले. मीही हसलो. जावयाच्या विनोदाला हसायचं असतं.

त्याला मातीतलं काही कळत नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. कळत होतं, हीच तर पंचाईत. आधी त्याच्याकडे एक ड्रायव्हर होता, कराडचाच. एका रविवारी रेडिएटरच्या फटीतून कुंकू लागलेले तांदळाचे दाणे निघाले. अक्षता. दाजीने ते कापडावर ओळीने मांडले, ड्रायव्हरला हाक मारली आणि नुसतं बोट दाखवलं. त्या बिचाऱ्याने मालक परगावी असताना मित्राच्या लग्नात नवरदेवाला मिरवायला गाडी नेली होती. तो पाया पडला. दाजीने त्याला कामावरून काढलंच, वर ते दाणे पुडीत बांधून त्याच्या खिशात घातले. "लेकराबाळांस्नी दाव," म्हणाला. पुढे कित्येक महिने तो ही गोष्ट येईल त्याला सांगत होता. त्या दिवसापासून आपण चुकूच शकत नाही, असं त्याच्या मनाने घेतलं.

आता त्या पांढऱ्या कापडाबद्दल सांगितलं पाहिजे.

माझ्या लग्नात मानाचा पहिला फेटा जावयाला बांधायचा होता. घरात जावई दोन. एक हा, आणि दुसरे चुलतबहिणीचे यजमान, वयाने वडील, साधा माणूस. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, वय बघून त्यांना आधी फेटा बांधला आणि मग याच्याकडे वळले. याने डोकं मागे घेतलं. "दुसऱ्या नंबरचा फेटा मी बांधत नसतो," म्हणाला, आणि अक्षता पडायच्या आत आक्काला घेऊन निघून गेला. त्याचं जेवणाचं ताट तसंच राहिलं. दादा पुढे महिनाभराने नवा मलमलीचा फेटा घेऊन मलकापूरला गेले, माणमधल्या आमच्या गावाहून एसटीने, दोन गाड्या बदलून. हा रेडिएटर साफ करत बसला होता. त्याने म्हाताऱ्याला बस म्हटलं नाही. फेटा हातात घेतला, झटकला, आणि गाडीच्या तोंडाखाली अंथरला. "कापड चांगलं हाय," म्हणाला. दादा पाणीही न पिता परतले. त्यांनी घरी आम्हाला काहीच सांगितलं नाही. हे मला आक्काने सांगितलं, तेही किती तरी दिवसांनी.

त्यानंतर आक्काचं माहेर बंद झालं. उघड उघड बंदी नव्हती. 'जा की, मी कुठं धरलंय' असं तो म्हणायचा, आणि पुढे 'जाताना घरच्या किल्ल्या ठेवून जा' हेही जोडायचा, म्हणजे परत यायचं नाही. तुम्ही म्हणाल, तिने सरळ एसटी का नाही पकडली? तिला लेकीची, पल्लवीची काळजी होती. पोर कराडला फार्मसीला होती, तिचं लग्न व्हायचं होतं. नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या पोरीला स्थळं कशी येतात, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. आक्का घरातच राहिली. ती रोज दुपारी आईला फोन करायची, एवढंच.

मग आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, नजर आधीच अधू होती. मी व्हिडिओ कॉल लावून मोबाइल तिच्यासमोर धरायचो. आई डाव्या हाताने स्क्रीन चाचपायची आणि अडखळत म्हणायची, "ही काचंत हाय. हितं कवा येती?" पलीकडे आक्का पदर तोंडात कोंबायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की, ज्यांना भेटवायचं असेल त्यांना भेटवून घ्या.

म्हणून मी मलकापूरला गेलो. दिवाळी होऊन काही आठवडे उलटले होते, कारखान्यांची धुराडी पेटली होती. दाजी नुकताच, गाडी घरी ठेवून, केरळची आठवडाभराची फेरी करून आला होता. गाडीचा काटा वर जातोय म्हणून बंपर काढून बसला होता. मला बघून तो उठला नाही. "आला व्हय? धरा ब्याटरी," म्हणाला आणि माझ्या हातात टॉर्च दिला.

मी टॉर्च धरून उभा राहिलो आणि जे बोलायचं ते त्याच्या पाठीशी बोललो. आई किती दिवस काढेल सांगता येत नाही. फेट्याचं जे झालं ते झालं. दादा पुन्हा माफी मागायला तयार आहेत. मीही मागतो. फक्त आक्काला एकदा येऊ द्या.

तो व्हॅक्युम क्लीनर लावत होता. नळीच्या तोंडाला पल्लवीचा जुना मोजा बांधलेला, म्हणजे कचरा आत न जाता मोज्यात अडकावा. त्याने नळी दोन्ही जाळ्यांवरून फिरवली. मग नळी बंद करून म्हणाला, "म्हातारी लय आजारी हाय म्हनता?"

"व्हय."

"बरं. रविवारी मी सोता घिऊन येतो. गाडीनं. पन तुमच्या घरात पानी बी पिनार न्हाई, सांगून ठिवतो."

आक्का दारात उभी होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही. ती आत धावली, आणि लगेच लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. साडी निवडत असणार. मला वाटलं, आपण या माणसाला उगाच शिव्या देतो. तोही माणूसच आहे.

माझं हे चांगलं मत त्याचा मोजा रिकामा होईपर्यंत टिकलं.

त्याने मोजा कापडावर झटकला. उसाचं पाचट, जळक्या पाचटाची काजळी, मेलेल्या माश्या, फुलपाखराचा एक पंख. त्याने चिमट्याने एकेक बाजूला केलं. मग त्याचा हात थांबला. राखाडी लोकरीचा एक पुंजका होता, आणि त्यात कुसळं. लांब शेपटाची, पिळाची, टोकदार. माणच्या माळावर पावसाळा सरला की जिकडेतिकडे हीच कुसळं. मेंढरांच्या अंगात घुसतात, माणसाच्या धोतरात घुसतात.

"ए," त्याने आत हाक मारली. "हिकडं ये."

आक्का हातात साडी घेऊनच आली.

"हे काय?"

"कुसळ," ती म्हणाली.

"कुठलं?"

ती गोंधळली. "गवताचं."

"मला शिकवती? हे कुसळ हिकडं उगवतंय व्हय? हितं सगळा ऊस. मी केरळात गेलो, आनि तू पोरीला गाडी चालवाय लावून म्हायेराला जाऊन आलीस."

"न्हाई वं! बिरोबाची आन! गाडी जाग्यावरनं हालली न्हाई."

"मग लोकर उडत आली?"

"आवं, आपल्या मळ्यात मेंढरं बसवली हुती की खतासाठी. त्यातलीच आसंल."

"मळ्यात हुती. मळा कुठं, गाडी कुठं? गाडी मळ्यात कवा गेल्ती?"

 गाडी मळ्यात गेल्याचं आक्काने पाहिलं नव्हतं. पल्लवी आतून ओरडत आली, "पप्पा, मी किल्लीला हात लावला नाही!" त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मध्ये पडलो. म्हणालो, दाजी, आक्का आली असती तर मला दिसली नसती का? झटका आल्यापासून दुकान बंद ठेवून मी रोज आईजवळ आहे. आणि येऊन गेली असती तर मी तुमच्या दारात कशाला उभा राहिलो असतो?

"तुमी तिचं भाऊ," तो शांतपणे म्हणाला. "तुमी खोटं बोलनार. माती बोलत न्हाई."

मग त्याने आक्काच्या हातातली साडी घेतली, तिची नीट घडी घातली आणि तिच्याच हातात परत दिली. "ठिव जागच्या जागी," म्हणाला. आरडाओरडा केला असता तर मला एवढा राग आला नसता. ती घडी घालण्यातली सफाई अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मी टॉर्च फरशीवर ठेवला आणि निघालो. तो पुन्हा गाडीच्या तोंडात डोकं घालून बसला होता.

आई गेली. महिना उलटायच्या आत गेली. शेवटचे दोन दिवस तिला शुद्ध नव्हती. त्याआधी मात्र दाराशी चपलांचा आवाज झाला की ती मान वळवायची. कोणीतरी यावं म्हणून ती वाट बघत होती, आणि कोण यावं हे सगळ्या आळीला माहीत होतं. मातीला तो आक्काला घेऊन आला. लेकीसाठी आम्ही थांबलो होतो. आक्काने आईचा चेहरा पाहिला तो असा.

मातीनंतर तो तिला लगेच परत घेऊन गेला, आणि तेराव्याला दोघं पुन्हा त्याच गाडीने आली. म्हसवडकडून येताना म्हणे काटा चढला. पंगती बसल्या, माणसं जेवली, हा मात्र अंगणाच्या कडेला सावलीत बंपर खोलून बसला. शोकाच्या घरात चार माणसांत बसण्यापेक्षा त्याला तेच बरं वाटलं असणार. डिकीत हत्यारं होती, तो मोजा होता, छोटा व्हॅक्युम होता, आणि तो फेटा होता. दादा ओट्यावर बसून आपला फेटा बघत होते. तो ओळखू येण्यासारखा राहिला नव्हता, तेलाचे डाग पडले होते, पण त्यांनी ओळखला. 

आमच्या गावचे म्हाकूनाना जेवून हात पुसत त्याच्याशेजारी येऊन टेकले. म्हातारा धनगर, अजून मेंढरं घेऊन कृष्णाकाठापर्यंत उतरतो. दाजीच्या मळ्यात दिवाळीनंतर ज्याचा कळप बसला होता तो हाच. दाजीने मोजा झटकला, कापडावर कुसळं पडली. माणमधून आलेल्या गाडीत दुसरं काय निघणार!

नाना हसले. "मालक, तुमच्या गाडीला आमची कुसळं लय आवडत्यात. तवा बी अशीच खाल्ली हुती."

दाजी म्हणाला, "कवा?"

"आवं, तुमच्या मळ्यात आमी मेंढरं कातरत हुतो न्हवं का. तुमी हीच गाडी आमच्याम्होरं आनून हुबी केली. म्हनला, ऐका नाना, वाघावानी आवाज हाय. लय येळ चालू ठिवली. म्होरनं पंखा असा वढत हुता, कातरलेली समदी लोकर उडून ह्येच्या तोंडात! मी म्हनलं बी, मालक, बंद करा, लोकर जातीया. तुमी म्हनला, आजून ऐका."

अंगणात पाच-सहा माणसं होती. कोणालाच यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळे हसले. मी हसलो नाही. आक्का पाण्याची कळशी घेऊन दारात आली होती, तिने शब्द न् शब्द ऐकला.

तो हे विसरला होता, की मलकापूरला त्या दिवशी सगळं आठवत असूनही गप्प बसला होता? मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर त्याला आठवत होतं. मेंढरं राखणाऱ्या माणसांना, ज्यांच्यातून त्याचा आजा मेंढरं सोडून बाहेर पडला त्यांना, आपण गाडीचा आवाज ऐकवायला गेलो होतो, हे त्याला बायकोसमोर कबूल करायचं नव्हतं. पण हे माझं मत. मी त्याचा वैरी आहे, माझं मत किती धरायचं ते तुम्ही ठरवा.

आक्काने कळशी खाली ठेवली. ओट्याच्या कोपऱ्यात, जिथे आईची बाज असायची, तिथे ती गेली. तिथली जमीन मातीची, आईच्याच हाताने वर्षानुवर्षं सारवलेली. झटक्यानंतर ती कोणी सारवली नव्हती, वरचा थर सुटला होता. आक्काने ती माती ओंजळीत गोळा केली, चालत दाजीपर्यंत आली आणि त्याच्यापुढच्या फेट्यावर, कुसळांशेजारी, ओतली.

"आवं," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तुमाला मातीत समदं दिसतंय न्हवं? ह्यात माझी आई हुडकून द्या."

 दाजीच्या हातात चिमटा होता. त्या मातीवर तो घटकाभर तसाच धरलेला राहिला. आयुष्यभर जो माणूस केराला बोट लावल्याशिवाय राहिला नाही, त्याने त्या मातीला बोट लावलं नाही. त्याने मान वर केली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. चुकलं म्हणेल. तेराव्याच्या दिवशी, शेणाने सारवलेल्या अंगणात, एवढं म्हणायला काय लागत होतं?

तो उठला, बंपर बसवला, एकेक स्क्रू नीट आवळला. "चल," म्हणाला.

"मी ऱ्हाती हितं," आक्का म्हणाली. "पोरीला बी बोलावून घेती. किल्ल्या कपाटावर ठिवल्यात."

म्हणजे मलकापूरहून निघतानाच तिने किल्ल्या ठेवल्या होत्या. हे नानांनी बोलायच्या आधीचं.

फेटा तिथेच टाकून तो गाडीत बसला आणि गेला. दादा ओट्यावरून उतरले. त्यांनी फेट्याची चारी टोकं धरून माती हलकेच पुन्हा जागेवर ओतली, कुसळं निवडून टाकली आणि तो फेटा आक्काकडे धुवायला दिला.

गावाबाहेर चढावर रस्ता वळतो, तिथपर्यंत आमच्या अंगणातून दिसतं. मी बघत होतो. समोरून मेंढरांचा कळप येत होता, रस्ता भरून. लाल गाडी थांबली. मी वाट बघितली की हा आता हॉर्न वाजवेल, इंजिन गुरगुरवून मेंढरं बिथरवेल. काहीच ऐकू आलं नाही. कळप दोन्ही बाजूंनी गाडीला घासून चालला होता आणि तो काचा वर करून, इंजिन बंद करून, उन्हात गप्प बसला होता. लोकर आत जाऊ नये म्हणून.

एवढ्या सगळ्यातून तो एवढंच शिकला होता.